आडनाव आधी

एक्सेल नावाचं प्रकरण जगात आल्यापासून हापिसातला प्रत्येक माणूस शेजारच्या 'कंप्युटरवाल्याला' पाच-सात ठरावीक प्रश्न विचारत आलाय. त्यातला एक हमखास हा : "अरे, या कॉलममध्ये पूर्ण नावं आहेत. मला आडनाव पुढे आणून ओळीनं लावायचीत. काहीतरी फॉर्म्युला असेल ना?"

असतो ना! एक सोडून चार असतात. 'टेक्स्ट टू कॉलम्स' तर आजोबांच्या काळापासून आहे. जरा हुशारी मिरवायची असेल तर ती ९९ स्पेसेसची युक्ती : नावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेच्या जागी ९९ मोकळ्या जागा घालायच्या, उजवीकडून ९९ अक्षरं कापून घ्यायची आणि 'ट्रिम' मारायचं. हातात शेवटचा शब्द उरतो. (ज्या कुणाला हे पहिल्यांदा सुचलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.) २०१३ च्या एक्सेलमध्ये 'फ्लॅश फिल' आलं. पहिल्या ओळीत हवं तसं आपण लिहायचं, खालच्या ओळीत येऊन कंट्रोल-ई दाबायचं, की बाकीचं एक्सेल ओळखून भरतं. आणि २०२२ मध्ये 'टेक्स्टआफ्टर' आलं. त्याला उणे एक असं सांगितलं की शेवटच्या मोकळ्या जागेनंतरचं सगळं काढून देतं. म्हणजे आता डोकं लावायची गरजच नाही.

फक्त एक बारीकशी अडचण आहे. या सगळ्यांना मोकळी जागा कळते. आडनाव कळत नाही.

हे ज्ञान मला होतंच, पण त्याचं वजन कळायला आमची सोसायटी उपयोगी पडली. वसई पश्चिमेला आमची ६४ फ्लॅट्सची जुनी सोसायटी आहे. बिल्डरनं इमारत बांधली, फ्लॅट विकले, पण जमीन सोसायटीच्या नावावर काही केली नाही. (वसई-विरारमध्ये राहणाऱ्या वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही.) अशा वेळी डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मराठीत मानीव अभिहस्तांतरण, करून घेता येतं. मोफा कायद्यात तशी सोय आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा असतो, आणि अर्जाबरोबर जी कागदांची चळत लागते तिच्यात सभासदांची यादी आणि फ्लॅटवार इंडेक्स टू असतात. शिवाय सहकार कायद्याप्रमाणे सोसायटीकडे सभासदांचं रजिस्टर 'आय' नमुन्यात आणि यादी 'जे' नमुन्यात असावीच लागते. ते 'जे फॉर्म' प्रकरण हल्ली व्हॉट्सॲपवरसुद्धा लोक इतक्या सहजपणे बोलतात की जणू शाळेत शिकवलं होतं.

तर ही यादी. ती आधीच्या समितीनं कुठल्यातरी एजन्सीकडून टाइप करून घेतली होती, आणि नवीन समितीला ती आडनावानुसार लावून हवी होती. का? तर सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, यादी म्हटली की आडनाव आधी. शाळेच्या कॅटलॉगपासून तसंच आहे."

काकांचं खरंच आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला दोन नावं असतात. म्हणजे नाव एकच, पण ते चालतं दोन क्रमांनी. लग्नपत्रिकेत, भाषणात, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि शाळा, दहावीची मार्कशीट, मतदारयादी, सातबाराच्या रांगेतला पुकारा, या सगळ्यात काहीसा दरडावल्यासारखा उलटा क्रम : आडनाव, नाव, वडिलांचं नाव. दहावीच्या मार्कशीटवर तर नावाच्या रकान्यातच 'आडनाव प्रथम' असं इंग्रजीत छापलेलं असतं. मराठी विश्वकोशातही नोंद 'टिळक, बाळ गंगाधर' अशीच सापडते, पण तिथे निदान एक स्वल्पविराम असतो. तो स्वल्पविराम फार मोलाचा आहे. तो सांगतो की बाबा रे, इथे उलटापालट केलेली आहे. आमच्या सरकारी यादीत तो स्वल्पविराम नसतो. कारण आपल्याला गरजच पडत नाही! 'पाटील रमेश गणपत' वाचलं की पाटील आडनाव, रमेश माणूस, गणपत बाप, हे आपल्याला क्षणात कळतं. कसं कळतं? पाटील हे आडनाव असतं हे आपल्याला आयुष्यभर माहीत आहे म्हणून. यात व्याकरण नाही, फॉर्म्युला नाही, निव्वळ ओळख आहे.

आता हीच ओळख घेऊन वसईत या.

इथे १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीज होते. त्या काळात जे ख्रिस्ती झाले त्यांना पोर्तुगीज आडनावं मिळाली : लोपीस, रॉड्रिग्ज, तुस्कानो, परेरा, डिमेलो, डाबरे, मच्याडो, डिसोजा. पण नावाची घडण मराठीच राहिली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आणि सरकारी यादीत आडनाव आधी. म्हणजे समजा 'फ्रान्सिस थॉमस लोपीस' हा यादीत 'लोपीस फ्रान्सिस थॉमस' होतो. वसईच्या माणसाला यात काहीच अवघड नाही. पण आमच्याच वरच्या मजल्यावर एक केरळी कुटुंब आहे, त्यांच्या नावात दोनच शब्द, आणि दोन्ही ख्रिस्ती संतांची नावं. त्यातलं आडनाव कुठलं? तर कुठलंच नाही! पहिलं त्यांचं, दुसरं त्यांच्या वडिलांचं. फॉर्म्युल्यानं दुसऱ्या शब्दाला आडनाव ठरवून त्या गृहस्थांना त्यांच्या वडिलांच्या नावाखाली लावून टाकलं. ते हसून म्हणाले, "कागदपत्रांत चाळीस वर्षं हेच चाललंय."

आणि फक्त ख्रिस्तीच कशाला. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहर बारा लाखांच्या वर गेलं होतं, आणि त्या बारा लाखांत सगळा भारत आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या वहिनींच्या आधारवर नावापुढे 'देवी' आहे. ते आडनाव नव्हे, पण शेवटचा शब्द आहे, त्यामुळे आमच्या यादीत दोन वेगळ्या घरांतल्या दोन बायका 'देवी' या एकाच घराण्यातल्या झाल्या. तमिळ अंकलच्या नावाआधी दोन आद्याक्षरं, एक गावाचं आणि एक वडिलांचं. एका मुस्लिम शेजाऱ्यांच्या आधारवर 'शेख' पहिला शब्द, पासपोर्टवर शेवटचा. दोन्ही कागद खरे, दोन्ही सरकारी.

आता म्हणाल, या झाल्या गमती. यादीत चुकीच्या जागी नाव आलं तर बिघडलं कुठे? खाली-वर बघून सापडेल की.

सापडतं, ६४ नावांत सापडतं. पण खरी मेख पुढे आहे. यादी नुसती लावायची नव्हती, ती इंडेक्स टूशी जुळवायचीही होती. आणि जुळवताना डोळे वापरायचे नव्हते, लुकअप वापरायचं होतं.

इथे 'डिसोजा'कडे वळावं लागतं, कारण यादीत सगळ्यात जास्त हाल याच आडनावाचे झाले. रोमन लिपीत डीनंतर अपॉस्ट्रॉफी, कधी ती नाहीच, कधी तिच्या जागी मोकळी जागा. एक्सेलचा एक कमी माहीत असलेला नियम असा की सॉर्ट करताना ते अपॉस्ट्रॉफी आणि हायफन जमेत धरत नाही. त्यामुळे अपॉस्ट्रॉफीवाले आणि बिनअपॉस्ट्रॉफीचे डिसोजा शेजारी-शेजारी येऊन बसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, सगळं ठीक आहे. पण लुकअपला विचारा. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं! सॉर्ट म्हणतं भाऊ-भाऊ, लुकअप म्हणतं ओळखत नाही. आणि मोकळ्या जागेवाले डिसोजा तर आणखीनच लांब गेलेले असतात. शेवटचा शब्द काढणारा फॉर्म्युला 'डी'ला मधलं नाव समजतो आणि 'सोजा' नावाचं एक नवंच आडनाव जन्माला घालतो. ते एसच्या खाली, सावे आणि शिंदेंच्या सोबत.

देवनागरीत तरी सुख आहे का? रोमनमध्ये डी एकच. देवनागरीत ड की द ते तुम्हाला ठरवावं लागतं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आपले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. मराठीत ते दिब्रिटो, द वर. त्यांच्याच गावचे डिमेलो, डिसोजा, डिसिल्वा मात्र ड वर. पोर्तुगीजांकडून आलेला तोच छोटासा उपसर्ग, पण मराठी यादीत दोघांच्या मध्ये ढ, ण, त, थ एवढी वस्ती. शिवाय डिसोजा, डिसोझा, डिसूझा हे तीन शेजारी आहेतच.

बरं, एजन्सीनं ज्या जुन्या फाइलवरून टाइप केलं होतं, ती मूळ फाइल मला सेक्रेटरी काकांच्या पेन ड्राइव्हवर सापडली. कृतिदेव फाँटमधली! ज्यांनी युनिकोडच्या आधीचं मराठी टायपिंग पाहिलंय त्यांना पुढचं ठाऊक असेल. त्या फाँटांमध्ये मशीनच्या लेखी मराठी नव्हतंच, इंग्रजी अक्षरंच होती, नुसतं वरून देवनागरी चित्र चढवलेलं. आणि पहिली वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप करायची. त्यासाठी एफचं बटण. परिणाम असा की ज्या-ज्या आडनावाच्या पहिल्या अक्षराला पहिली वेलांटी, ती सगळी आडनावं सॉर्ट केल्यावर एफखाली एका गठ्ठ्यात : किणी, शिंदे, डिसोजा, दिवेकर, विचारे, चित्रे. जातपात, धर्म, मूळ गाव काहीही न बघता फक्त वेलांटीवरून केलेली ही वर्गवारी मला इतकी आवडली की मी तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

यादी आणि इंडेक्स टू जुळवून पाहिल्यावर ५५ फ्लॅट जुळले, ९ जुळले नाहीत. म्हणजे कुठे 'सोजा', कुठे 'देवी', कुठे पासपोर्ट उलटा. समितीतल्या एका उत्साही सदस्यांनी तोडगा काढला : या नऊ जणांना वेगळ्या शीटमध्ये टाका, शीटचं नाव 'डाऊटफुल', आणि विशेष सभेत ठरावावर सह्या घेताना आधी ५५ जणांच्या घ्या. बाकीच्यांचं नंतर बघू. बहुमताला पुरेसे आहेत.

हिशेबानं बरोबर होतं. वेळही वाचणार होता.

त्या नऊ जणांत तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी होत्या. सोसायटी झाल्यापासून इथे राहतात. नवरा १३-१४ वर्षांपूर्वी गेला, फ्लॅट रीतसर त्यांच्या नावावर झाला. त्यांचे कागद पाहिले तर शेअर सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग त्यांचं नाव, मग नवऱ्याचं. इंडेक्स टूवर डी, मोकळी जागा, आणि पुढचं. आधारवर फक्त दोन शब्द. लाइट बिल अजून नवऱ्याच्याच नावानं. बँकेच्या पासबुकावर माहेरचं आडनाव, कारण खातं लग्नाआधीचं. एका बाईचे पाच कागद आणि पाच नावं, आणि त्यातलं एकही खोटं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर शीट गेली आणि कुणीतरी ती आंटींना दाखवली. संध्याकाळी मी लिफ्टजवळ भेटलो तर त्यांनी सरळ विचारलं, "काय रे, मी डाऊटफुल का?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "आंटी, तुम्ही नाही, तुमच्या नावातली मोकळी जागा डाऊटफुल आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "ती जागा मी नाही घातली. रजिस्ट्रेशनला जो बसला होता त्यानं घातली. मला कुणी विचारलं नाही, तुझं नाव कसं लिहायचं."

माझ्या पंधराएक वर्षांच्या नोकरीत नावाच्या फील्डवर किती मीटिंगा झाल्या असतील कुणास ठाऊक. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम, कुठलं मँडेटरी, किती लांबी. आमच्या धंद्यात पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रॅमरचा २०१० सालचा एक लेख प्रसिद्ध आहे : नावांबद्दल प्रोग्रॅमर लोक जे गैरसमज बाळगून असतात त्यांची चाळीस कलमांची यादी. नवीन मुलं टीममध्ये आली की आम्ही ती वाचायला देतो, सगळे हसतात, आणि मग परत तेच तीन फील्ड करतात. पण त्या कुठल्याही मीटिंगमध्ये समोरच्या माणसाला विचारू, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. विचारायचं कसं, दहा लाख युजर असतात! इथे मात्र नऊच होते, आणि सगळे एका जिन्यावर.

तर मी रविवारी प्रिंटआउट घेऊन नऊ दारं वाजवली. यादीत दोन कॉलम वाढवले. एकाचं शीर्षक 'यादीत कोणत्या शब्दाखाली लावायचं', दुसऱ्याचं 'पूर्ण नाव, तुम्ही सांगाल तसं'. आणि पाच-पाच मिनिटांचं काम प्रत्येक घरी अर्धा-अर्धा तास चाललं. कारण नाव विचारलं की माणसं गोष्ट सांगतात! तमिळ अंकल म्हणाले, "मला माझ्या नावाखाली लाव, माझ्या गावाखाली नको. गाव मी सोडलं." देवी वहिनींच्या नवऱ्यानं त्याचं आडनाव सांगितलं, तर वहिनी आतून म्हणाल्या, "मेरे आधार में नहीं है, मत लिखो, फिर लफड़ा होगा." शेख साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर मांडले आणि म्हणाले, पासपोर्ट धरा, परदेशात तोच चालतो.

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वसईतल्या घरटी कुणी ना कुणी आखातात असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं नियम काढला की पासपोर्टवर आडनाव किंवा नाव यांपैकी एकच रकाना भरलेला असेल तर व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर प्रवेश नाही. म्हणजे आयुष्यभर एकाच शब्दात सुखानं जगलेल्या माणसाला विमानतळावर दुसरा शब्द दाखवावा लागणार. अमेरिकेच्या व्हिसावर तर नावाचा रकाना मोकळा असेल तर तिथे 'फर्स्ट नेम अननोन' याची आद्याक्षरं छापून येतात. नाव आहे, समोर छापलेलं आहे, फक्त ते आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलंय.

सगळं जग आडनावानंच चालतं असंही नाही. आइसलँडमध्ये टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावानं लावतात, कारण तिथे बहुतेकांचा दुसरा शब्द म्हणजे बापाचं (कधी आईचं) नाव, घराणं नव्हे. आणि जपान सरकारनं १ जानेवारी २०२० पासून सरकारी कागदांत रोमन लिपीतसुद्धा आडनाव आधी लिहायचं ठरवलं, शतकभराहून जास्त काळ पाश्चात्त्यांसाठी उलटं करून लिहिल्यावर. सेक्रेटरी काकांना हे सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले. "बघ! जपानसुद्धा!"

पण खरं सांगू का, आमच्याकडे आडनावानं लावून फारसं काही हाती लागतच नाही. आमच्याच यादीत सहा पाटील आणि चार लोपीस. नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, कुठल्याही गावात जा आणि नुसत्या आडनावानं पत्ता विचारा, समोरचा विचारतो, "कुठल्या आळीतले? कुणाचा?" 'कुणाचा' म्हणजे बापाचं नाव. म्हणजे माणूस ओळखायला इथे खरा उपयोगी शब्द मधला. आणि नेमका तोच शब्द सगळे फॉर्म्युले फेकून देतात! पहिला घ्या, शेवटचा घ्या, मधलं काय असेल ते असो. साहेबाच्या देशात मिडल नेम हे हौसेचं असतं, त्यामुळे त्याला फॉर्मवर 'ऑप्शनल' म्हणतात. आमच्याकडे ऑप्शनल काढलं की सहाचे सहा पाटील एकमेकांत मिसळतात.

आणि हाच मधला शब्द बायकांच्या बाबतीत आयुष्यात एकदा बदलतो. लग्नाआधी बाप, लग्नानंतर नवरा. आंटींच्या पाच कागदांतला अर्धा गोंधळ अपॉस्ट्रॉफीचा, अर्धा याचा. हल्लीच्या मुली नाव बदलत नाहीत म्हणून पुढे हा घोळ कमी होईल असं मला वाटत होतं. तोवर सरकारनं नवीन अंक सुरू केला. ११ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर चार शब्दांचं : मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निर्णय मला मनापासून पटलेला आहे. इतकी वर्षं आई मार्कशीटच्या एका वेगळ्या रकान्यात उभी होती, ती आता नावात आली. पण ज्यांनी-ज्यांनी 'दुसरा शब्द म्हणजे बाप' असं धरून प्रोग्रॅम लिहिलेत, त्यांना ही पिढी पहिलीत गेल्यावर कामाला लागावं लागेल. आमच्या सोसायटीत असं एक चार शब्दांचं बाळ आहे. त्याला अजून एकही शब्द बोलता येत नाही.

शेवटी यादी लागली कशी? फ्लॅट नंबरनं. जुळवाजुळवीसाठी तोच धरला, कारण फ्लॅट नंबरला बाप, नवरा, गाव, अपॉस्ट्रॉफी काही नसतं. आणि माणसांनी वाचायची प्रत वेगळी, त्या नव्या कॉलमप्रमाणे लावलेली. काकांसाठी आडनाव आधीच ठेवलं, पण पुढे स्वल्पविराम घातला. 'डाऊटफुल' शीट डिलीट केली. तिच्या जागी शेवटच्या रकान्यात 'कागदांवर असेही आढळते' म्हणून प्रत्येकाची बाकीची रूपं लिहिली. आंटींच्या नावापुढे चार ओळी आहेत. त्यांनी चष्मा लावून त्या चारही वाचल्या, माहेरच्या आडनावावर बोट ठेवलं, म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं होतं रे शेवटचं? बत्तीस वर्षं झाली असतील." आणि सभेला पहिल्या रांगेत बसून सही केली. सह्या ६२ झाल्या.

एक तक्रार मात्र राहिली. मी यादी देवनागरीत लावायला पायथॉनचा साधा सॉर्ट चालवला होता, आणि तो युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावतो. युनिकोडनं देवनागरीचा क्रम इस्कीवरून घेतला, त्यात ळ हा ल ला लागून बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे यादीत काळे हे कावळ्यांच्या आधी आले. आणि क्षीरसागर? ते क च्या अगदी टोकाला, खरे यांच्या आधी, कारण मशीनला क्ष हे वेगळं अक्षर दिसत नाही, क ला ष जोडलेला दिसतो. मराठी क्रम हवा तर भाषेप्रमाणे लावणारी लायब्ररी वापरावी लागते, ती मिळते, फुकट मिळते. पण शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या पाटील सरांना (सहापैकी एक!) ते आधीच दिसलं. प्रिंटआउटवर लाल पेनानं बाण काढून त्यांनी क्षीरसागरांना थेट शेवटी पाठवलंय आणि खाली 'शुद्ध करून घ्यावे' असा शेरा मारलाय.

ते या शनिवारी करून टाकतो. उरले दोन फ्लॅट. दोघंही मालक बाहेर असतात, एक दुबईला, एक कॅनडात. त्यांच्या ओळीत 'कोणत्या शब्दाखाली लावायचं' हा रकाना अजून मोकळाच आहे. व्हॉट्सॲपवर विचारलंय. दोन्हीकडे निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. कॅनडावाल्यांचं 'टायपिंग...' मात्र काल रात्री बराच वेळ दिसत होतं.